डाव्या बाजूचं स्टेअरिंग

काष्टी, तालुका श्रीगोंदा
फेब्रुवारी १९७१

चिरंजीव कानिफनाथ यास,

थोरली बहीण मनकर्णा हिने तुझ्या डोक्यावर हात ठेवून दिलेले आशीर्वाद पावावेत (हात समुद्रापलीकडे पोचत नाही, तरी ठेवला आहे असं समज). आम्ही इकडे सुखरूप आहोत. तू कसा आहेस? तिकडे एवढी थंडी म्हणतात, अंगात स्वेटर घालतोस की जामखेडात हिंडायचास तसा नुसत्या बनियनवर हिंडतोस? खोकला झाला तर ओवा चघळ. विलायतेत ओवा मिळत नसेल तर कळव, पुरचुंडी बांधून धाडते. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. ज्वारी हुरड्याला बरी होती, पाखरांनाही फार आवडली.

तू तुझ्या दाजींसाठी धाडलेलं पार्सल दिवाळीच्या सुमारास पोचलं. पोस्टमनने ते काखेत मारून सबंध गावातून मिरवत आणलं, त्यामुळे ते आमच्या दारात येईपर्यंत कानिफने विलायतेहून मोटार धाडल्याची बातमी त्याच्या आधी येऊन ओसरीवर बसली होती. शेजारच्या कडूबाईंनी तर मोटार एवढ्याशा खोक्यात घडी घालून कशी बसवली, असंही विचारलं. खोक्यावरचं चित्र पाहून आम्ही थक्कच झालो. तांबडीभडक अमेरिकन मोटार, मागे माशाच्या शेपटीसारखे पंख, आणि शेजारी दात दाखवत उभी असलेली एक बाई (कडूबाई म्हणाल्या, ही कानिफची तर नव्हे? मी नाही म्हणून सांगितलं. खरं काय ते तू कळव). खोकं उघडलं, आणि आमची तोंडं उतरली. आत मोटार नव्हतीच. चिंचेच्या फांदीला आकडे लोंबावेत तसे प्लॅस्टिकच्या काड्यांना चिकटलेले पांढरे तुकडे होते. तुझे दाजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले आणि हळूच म्हणाले, "पोस्टात फुटली. कानिफला कळवू नगंस. हौसेनं धाडलीय, जिवाला लागंल त्याच्या." म्हणूनच तुला इतके दिवस पोच आली नाही. रागावू नकोस.

आता खरं सांगते. पार्सलात मोटार आहे हे कळल्यावर ते उघडूच नये असं मला वाटलं होतं. दाजींच्या ट्रकचा अपघात तुला ठाऊक आहे, पण त्यानंतर घरात काय झालं ते मी कधी लिहिलं नाही. दौंडच्या रस्त्यावर उताराला ब्रेक लागेना, पुढे बाजाराहून परतणारी बैलगाडी, म्हणून यांनी उसाचा भरला ट्रक रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत घातला. बैलगाडीतल्या माणसांना ओरखडाही आला नाही, पण यांच्या शेजारी बसलेल्या मच्छिंद्रभाऊजींचा डावा पाय गुडघ्यातून मोडला. लहानपणापासूनचा दोस्त. तो बरा झाला, काठी घेऊन चालू लागला, यांना हसून हाका मारू लागला, आणि हे मात्र त्याच्या घरावरून जायचं टाळून ओढ्याकडून शेतात जाऊ लागले. चाकाला तर पुन्हा हात म्हणून लावला नाही. यष्टीतसुद्धा ड्रायव्हरकडे पाठ करून बसायचे. बोलणं आधीच कमी, ते पाणी आटावं तसं आटत गेलं. आमचं रोजचं बोलणं म्हणजे मी म्हणायचं, भाकरी वाढू का, आणि यांनी म्हणायचं, व्हय. अशा माणसाला तू मोटार धाडलीस. मला वाटलं, या पोराला अक्कल कधी येणार?

खोकं फळीवर पडून राहिलं. मग एका दुपारी मी ते झाडायला म्हणून काढलं, आणि तळाशी चित्रांचा कागद सापडला. सातवी पास झाल्याचा उपयोग लग्नानंतर पहिल्यांदाच झाला. कागदावर आकडे, तेच आकडे काड्यांवर. म्हणजे मोटार फुटलेली नव्हती, अजून झालीच नव्हती! मला इतका आनंद झाला की एकटीच हसत बसले. तुकडे विळीवर सोडवले (दातांनी सोडवू नयेत, एक आरसा गिळता गिळता राहिला). सोबतची डिंकाची नळी वाटेतच फुटून दगड झाली होती. मग मी कणकेची खळ लावून पाहिली, ती मुंग्यांनी नेली. बाभळीचा डिंक लावला, तो मोटारीला सोडून माझ्या बोटांना चिकटला. शेवटी मच्छिंद्रभाऊजींकडे गेले.

भाऊजींनी नगरला मिलिटरीच्या लिलावातून एक जीप घेतली आहे. घेतली खरी, पण मोडक्या पायाने क्लच दाबत नाही, त्यामुळे ती वाड्यासमोर चिंचेखाली उभी असते आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. तिला रंग देण्यासाठी त्यांनी थिनर आणून ठेवला होता. त्याने प्लॅस्टिक विरघळून एकजीव होतं, असं ते म्हणाले. झालंही तसंच. पण मी थोड्याने होतं तर जास्तीने आणखी चांगलं होईल या हिशेबाने मोटारीच्या टपाला चांगला बोळा फिरवला. तव्यावर पापड आकसावा तसं टप आकसलं, आणि मधोमध खाली बसलं. मी डोळ्यांना पदर लावला. मग पदर कमरेला खोचला, टप विळीने कापून टाकलं आणि जुन्या छत्रीच्या कापडाचं हूड शिवलं. रंगाच्या बाटल्या वाळलेल्या, म्हणून बैलांच्या शिंगांना लावतो तो हिंगूळ दिला. अमेरिकेतल्या लोकांनी पाहिली तर ओळखायचे नाहीत, पण आमच्या पोळ्यात सहज खपली असती.

हे सगळं तुझे दाजी येता-जाता बघायचे, पण थांबायचे नाहीत. एके दिवशी संध्याकाळी बैल बांधून आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तसाच धरून उभे राहिले.

"चाक डाव्या अंगाला हाय," ते म्हणाले.

"कागदावर तसंच दाखवलंय," मी म्हणाले.

"कागदाला काय कळतंय? म्होरनं यष्टी आली तर ह्यो बघनार कुठनं? मारील की कुनालातरी!"

कानिफ, अपघातानंतर मोटारीविषयी या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी चुलीकडे तोंड फिरवलं, नाहीतर यांनी माझा चेहरा पाहून बोलणं पुन्हा आत ओढून घेतलं असतं. मी एवढंच म्हणाले, मला नाही जमत उजवीकडे घ्यायला. (जमलं असतं.) यांनी तांब्या खाली ठेवला, दाभण चुलीत लाल करून उजव्या बाजूला भोक पाडलं, आणि स्टेअरिंग तिथे बसवलं. मग डाव्या बाजूचं भोक उघडं बरं दिसत नाही म्हणून ते बुजवलं. मग गियरची दांडी नाही म्हणून बाभळीचा काटा लावला. भाकरी गार झाली. दुसऱ्या दिवशी ते ओढ्याच्या वाटेने गेले, पण लवकर परत आले, आणि पायही न धुता मोटारीपाशी बसले.

असे काही दिवस फार सुखाचे गेले. मी तुकडे घासायचे, हे जोडायचे. कडूबाई येऊन विचारायच्या, लेकरासाठी का? आमच्या घरात लेकरू नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. पूर्वी त्या प्रश्नाने माझं काळीज चिरायचं. यावेळी हेच म्हणाले, "न्हाई, आमच्या दोगांसाठी."

मग एका सकाळी यांनी मोटार उलटी केली आणि विचारलं, "ह्येला ब्रेक कुठं हाय?" मी सगळा कागद पाहिला. ब्रेक नव्हता. यांनी उरलेल्या काड्या हातांनी चाळल्या, खोकं झटकलं, आणि मोटार फळीवर ठेवून निघून गेले. दोन्ही वेळा जेवले नाहीत. घर पुन्हा जसं होतं तसं झालं.

मी ठरवलं, कंपनीने ब्रेक दिला नसेल तर आपण करू. उरलेल्या काड्यांचे तीन पेडल कापले, ब्रेकचा जरा रुंद करून कडेला चिकटवला आणि मोटार यांच्यापुढे ठेवली. बघताच म्हणाले, "उलटं लावलंस. ब्रेक मदी." मी म्हणाले, मधे असला काय नि कडेला असला काय, पाय दिला की गाडी थांबते एवढं खरं ना? ते म्हणाले, तसं नसतं. मी विचारलं, मग कसं असतं? ते सांगू लागले. पेडल, तेल, नळी, चाक, असं काय काय. माझ्या डोक्यात काही शिरेना (हे मात्र सोंग नव्हतं). शेवटी कंटाळून म्हणाले, "हे असं कळायचं न्हाई."

"मग खऱ्या गाडीत दाखवा."

मी बोलून गेले आणि जीभ चावली.  हे उठले, टोपी घातली आणि निघाले, ओढ्याकडून नव्हे, सरळ गावातून. मी मागोमाग.

मच्छिंद्रभाऊजी ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून उठायला गेले, यांनी हातानेच बस म्हटलं. कोंबड्या हाकलल्या. जीपखाली शिरून ब्रेकची नळी सगळी हाताने चाचपली, तेल घातलं, पेडल दाबून दाबून बघितलं. सगळं झाल्यावर आत बसायची वेळ आली, तर दाराला धरून नुसते उभे.  भाऊजींनीही ते पाहिलं असणार.

"बन्सी," भाऊजी ओट्यावरून म्हणाले, "त्या बैलगाडीत लेकरं हुती. त्यातली एक पोरगी काल बाजारात माझ्याकडं बघून हसली. माझ्या पायाचं म्हनशील तर मला काठी मिळालीय. दोस्त तेवढा मिळंना."

हे आत बसले. मी शेजारी बसले. किल्ली फिरवली, जीप दोनदा खोकली आणि निघाली. पडीक रानातून एक चक्कर मारून हे परत चिंचेखाली आले आणि ब्रेक असा हलका लावला की माझ्या हातातली बांगडीसुद्धा वाजली नाही. मग तोंडावर उपरणं धरून बसले. "धुरळा लई हाय," म्हणाले. गाडी थांबून बराच वेळ झाला होता, धुरळा केव्हाच खाली बसला होता. भाऊजी काठी टेकत आले आणि मागच्या सीटवर चढून बसले. म्हणाले, आता मला फिरव.

तेव्हापासून दोघे भागीत जीप चालवतात. बाजारचा माल, नगरला न्यायचे पेशंट, लग्नाची वऱ्हाडं. तुझी मोटार जीपच्या काचेमागे बसवली आहे. तुझे उपकार मानायचे म्हणून हे पत्र, दुसरं काही मागणं नाही. प्रकृतीला जप.

तुझी,
मनकर्णाताई

ता. क. एक मागणं आहे. तिकडे बायकांचे सपाट तळव्याचे बूट मिळतात म्हणे. एक जोड धाड. पावलाचं माप या पानामागे पेन्सिलीने काढलं आहे. चप्पल क्लच आणि ब्रेकच्या मधे अडकते.

ता. क. होय, माझ्याच पावलाचं. ब्रेक कसा लागतो ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून हे रोज पडीक रानात शिकवतात. आईला इतक्यात लिहू नकोस. पार्सलावर "खेळणं" असंच लिही.

ता. क. पाव्हनं, रामराम. तुमच्या ताईनं ह्ये पत्र पेटीत टाकाया माझ्याकडं दिलं, म्हनून दोन वळी लिवतो. गाडी बरी चालीवती. बांधावर दोनदा चढवली, पन उतरीवली बी तिनंच. मी शेजारी बसतो. गाडीचं भ्या माझं गेलं. आता निस्तं तुमच्या ताईचं ऱ्हायलंय. बूट बिगीनं धाडा. बन्सी.