वैमानिक होण्याला माझी हरकत नाही

सोमवार, ३
शाळेत व्हीआर हेडसेट आले. डोळ्यांना लावला की माणूस थेट कॉकपिटमध्ये. मुलांना विमानक्षेत्रातल्या नोकऱ्यांची ओळख व्हावी, हा हेतू. मुख्याध्यापिकाबाईंनी काम माझ्यावर सोपवलं. भूगोलवाल्याला वारे कळतात, म्हणाल्या.
आमची लेक याच वर्गात. तिला वैमानिक व्हायचंय. त्यासाठी घर सोडून लांब राहावं लागेल. माझी हरकत नाही. फक्त खरं काय ते तिने डोळ्यांनी पाहावं. हेडसेटमध्ये वादळाचीही सोय आहे.

मंगळवार, ४
आधी स्वतः उडून पाहिलं, ऑटोपायलटवर. सुरुवातीला देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले, ते विमान उतरल्यावर उघडले. प्रवास उत्तम. भीती अजिबात नाही.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, आकाशपाळण्यात बसा म्हटलं की तुमचे गुडघे दुखतात.
गुडघे खरंच दुखतात.

गुरुवार, ६
बाकी मुलांना निरभ्र आकाश दिलं, लेकीला वादळ. पक्षपात नव्हे. घरच्यांशी कडकच असावं.
तिने विमान अलगद उतरवलं. हेडसेट काढून विचारलं, सर, याहून मोठं वादळ नाही का? (शाळेत ती मला सरच म्हणते.)
नाही म्हणालो. आहे. खोटं बोललो म्हणून संध्याकाळी एक माळ जास्त जपली.

शुक्रवार, ७
मोठं वादळ सोमवारसाठी लावून ठेवलं. ऑटोपायलट बंद. आता तिचं तिलाच कळेल.

शनिवार, ८
पालकसभा. मुलंही हजर. बेत असा, की धोके शांतपणे समजावून सांगायचे. बाईंनी आधी प्रात्यक्षिक करायला लावलं. कालचं वादळ बदलायचं राहून गेलं होतं. कामाचा ताण.
डोळे मिटले. बाई म्हणाल्या, सर, उघडा, पालक पडद्यावर बघताहेत.
उघडले. पुढचं लिहीत नाही. जमिनीवर बसलो, कारण फरशी गार होती.
मग कानाशी लेकीचा आवाज. बाबा, विमानाचं नाक वर घ्या. हळू. मी आहे ना.
सगळ्यांदेखत बाबा म्हणाली. शिस्तीबद्दल नंतर बोलेन.
विमान उतरलं. टाळ्या तिला. कुणीतरी विचारलं, ही मुलगी कुणाची? मी हात वर केला. बसूनच.

रविवार, ९
वैमानिक प्रशिक्षणाच्या अर्जावर पालकांची सही हवी होती. लगेच केली. सही जरा वाकडी आली.
लेकीने दप्तरातून दुसरा कोरा अर्ज काढून पुढे ठेवला. म्हणाली, वाकडी येणार माहीत होतं बाबा, म्हणून तीन आणलेत.