तिकडची हवा इकडून कशी पाहावी?

दापोडी,
मे १९७८, रविवार

आदरणीय जावईबापू जयसिंगराव यांना तुमचा सासरा खंडू याचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे कस्तुराची आई भिमाबाई खुशाल आहे, कस्तुरा तर फारच खुशाल आहे, आणि मी अंगाला कांद्याचा रस चोळून घरात पडलो आहे. त्याचं कारण पुढं येईलच. तुमची तब्येत कशी आहे? तिकडे प्यायचं पाणी पोटभर मिळतं ना? टोपी घालता ना? (फौजेत असल्यामुळं घालतच असाल, पण सासऱ्यानं विचारलेलं बरं.)

तुमचं पत्र मिळालं. बाडमेरला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं हे वाचून आनंद झाला. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तुमचा संसार आपला सुट्टीपुरता, तेव्हा आनंद व्हायलाच पाहिजे, आणि तो मला झाला. (भिमाबाई म्हणते माझं तोंड तसं दिसलं नाही. पण तोंडावरून काय कळतं?) फक्त शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंत, ‘इथली हवा पाहून कस्तुराला पाठवावे.’ जावईबापू, राग मानू नका, पण बाडमेरची हवा दापोडीतून पाहायची कशी?

तरी पाहायला लागलो. शेजारच्या मंजुळाबाईंकडे रेडिओ आहे. दिल्लीच्या हिंदी बातम्या संपता संपता हवा सांगतात. त्यातली बाई म्हणाली, पश्चिम राजस्थानात लू चलेगी. मला वाटलं ही नवीन गाडी सुरू झाली, म्हटलं बरंच झालं, कस्तुराला गाडी बदलावी लागणार नाही. मंजुळाबाई म्हणाल्या, लू म्हणजे भाजणारा वारा. तेवढ्यात रेडिओवरची बाई पुढं म्हणाली की एक-दोन ठिकाणी धुळीचं वादळ होईल आणि गडगडाटासह शिंतोडेही पडतील. आता एकाच दमात ऊन, धूळ आणि पाऊस म्हटल्यावर माणसानं पोरीला छत्री द्यावी की माठ? शिवाय ती एक-दोन ठिकाणं कोणती, हे बाईनं सांगितलं नाही. तुमचं क्वार्टर त्या एकात येतं की दोनात, तेवढं कळवावं.

मग वाटलं, तिकडच्याच माणसाला विचारावं. आमचे किराणा दुकानवाले शेठजी मूळचे मारवाडचे. त्यांनी तिकडच्या संध्याकाळच्या गार वाऱ्याचं आणि थंडगार वाळूचं असं वर्णन केलं की मीच ट्रंक भरायला निघालो होतो. निघताना सहज विचारलं, तुम्ही कधी आलात इकडे? तर म्हणाले, माझा जन्म शिरूरचा, मी कुठला जातोय तिकडे, हे आजोबा सांगायचे!

शेवटी आमच्या कंपनीतला ज्योतीराम म्हणाला की हवेची माणसं शिवाजीनगरला शिमला ऑफिसात बसतात. मी रजा टाकून गेलो. ऑफिसचं नाव शिमला, गाव पुणे आणि चौकशी बाडमेरची, त्यामुळं दारातच मला थोडं गरगरलं. पण आतले साहेब भले होते. खुर्ची दिली, पाणी दिलं, नकाशा उघडला. म्हणाले, मे-जूनभर तिकडे कडक ऊन. खरा पावसाळा जुलैत. त्याआधी अधूनमधून ढग येतात, गडगडतं, पाऊसही पडतो, पण खालची हवा इतकी कोरडी की पुष्कळदा तो वाटेतच वाळून जातो.

मी म्हटलं, “साहेब, म्हणजे पडतो, पण पोचत नाही?”

“अगदी बरोबर समजलात,” साहेब म्हणाले.

मला तर काहीच समजलं नव्हतं. घरी येऊन हे भिमाबाईला सांगितलं. ती धुणं वाळत घालत होती. म्हणाली, “पाऊसच वाळतो म्हणता, मग तिकडच्या बायका तो कशावर घालत्यात?” मी फक्त भट्टीवरचा कामगार.

तेव्हा ठरवलं, बस झालं विचारणं, हवा स्वतःच्या अंगावर घेऊन पाहायची. काल दुपारी शिडी लावून पत्र्यावर चढलो आणि मधोमध बसलो. म्हटलं, मला सोसलं तर पोरीला सोसेल. पहिल्यांदा बूड भाजलं. नंतर टाळू. मग दापोडी गोल फिरायला लागली आणि रेल्वेलाईन माझ्या डोक्यावरून गेली. उतरावं म्हणतोय तोच वारा सुटला, डोळ्यांत धूळ, कडाडकन वीज, आणि वळवाची सर आली ती गारांसकट. शिडी वाऱ्यानं पडली. मी पत्र्याला पालथा चिकटलेला, आणि सगळी चाळ खाली उभी राहून मला वेगवेगळे सल्ले देत होती. (हा पाऊस मात्र पोचला. साहेबांना कळवायला हवं.)

कस्तुरानं शिडी उचलून लावली, वर चढली आणि मला हाताला धरून उतरवलं. ती पावसात नखशिखान्त भिजली होती आणि हसू आवरत नव्हतं. म्हणाली, “बाबा, झाली का तिकडची हवा पाहून? ऊन झालं, धूळ झाली, पाऊस झाला. आता अजून काय राहिलंय?”

काय राहिलंय ते मला सांगता येईना. म्हणून हे पत्र. तुम्ही तिकडचे जाणते आहात, तर पाठवू की नको ते स्पष्ट लिहावं, म्हणजे माझ्या डोक्याला आराम पडेल.

तुमचा,
खंडू

ता. क. भिमाबाई म्हणते, पावसाळा सरल्यावर पाठवतो असं लिहा. पावसाळा तुमचा की आमचा, हे तिनं सांगितलं नाही. माझ्या मते दोन्ही सरू द्यावेत.

ता. क. दुसरा. हवेचं खरं तर एवढं काही नाही. भट्टीपाशी जन्म गेला माझा, मी काय उन्हाला भितोय! पण शिफ्ट सुटून आलो की कस्तुरा चहा ठेवता ठेवता विचारते, “बाबा, आज कंपनीत काय झालं?” आणि मी सांगत बसतो. भिमाबाई असलं विचारत नाही. तुम्ही लग्नाआधी हे लक्षात आणून द्यायला हवं होतं.

ता. क. तिसरा. पत्र अर्धं झालं असताना कस्तुरानं येऊन सांगितलं की तिनं तिकीट काढलंय. तुमच्याच पलटणीतल्या अर्जुनरावांच्या मंडळी विमलबाई गुरुवारी निघताहेत, त्यांची सोबत आहे. टपालाला फार दिवस लागतात, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देत आहे. वाचून तिला पाठवू की नको ते उलट टपाली कळवावं. तोवर तिला दारात उभं ठेवू नये, आत घ्यावं.