साथीच्या वॉर्डातून परत आलेली औषधं

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

बाबांनी पेपरातला तुझा फोटो फ्रिजवर चिकटवला आहे. दूधवाला, पोस्टमन, समोरच्या काकू, सगळ्यांना दाखवून झाला. साथीच्या दिवसांत एवढ्या मोठ्या इस्पितळाचं औषधभांडार आपली धाकटी सांभाळते, हे सांगताना त्यांचा गुडघासुद्धा दुखत नाही. थोरलीही फार्मासिस्टच आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकते, हे कुणी विचारत नाही. ज्या वह्यांवर तू पास झालीस त्या माझ्या होत्या, हेही सांगायचं राहूनच जातं.

फोटो मी भिंग घेऊन पाहिला. खोटं कशाला बोलू, खोट काढायलाच पाहिला. तुझ्या मागच्या टेबलावर साथीच्या वॉर्डाची लाल चिठ्ठी लावलेला ट्रे आहे आणि त्याला खेटून नवी खोकी. त्या वॉर्डातून उरलेली औषधं परत येतात, ती जातात कुठे? तेवढं बघ. लुडबूड करते म्हणून राग मानू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर धुमसत होते. जळते मेली, असंही मनात म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र त्या ट्रेमागोमाग गेले. रोग्यांच्या उशाशी पडलेली इंजेक्शनं परत येत होती आणि टंचाई म्हणून सरळ फळीवर चढत होती. तिथून मुलांच्या वॉर्डात. माझ्या आधीपासून असंच चाललं होतं आणि मीही चालू दिलं.

त्याच दिवशी ते बंद केलं. आता प्रत्येक रोग्याची एकाच दिवसाची औषधं जातात, तीही दारापर्यंत. ट्रॉली बाहेरच थांबते. उशाशी गेलेलं काहीही परत येत नाही, बंद पिशवीतून नष्ट करायला जातं. दारातूनच परतलेली सीलबंद खोकी पुसून वेगळ्या कपाटात ठेवतो. रोजच्या खेपांमुळे नर्सबाई आधी वैतागल्या, आता त्याच शिस्त पाळायला लावतात.

मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत माझं कौतुक केलं. ताई, तुझं नाव ओठांवर आलं होतं. मी गिळलं. लहानपणापासून ‘ताईसारखी हो’ ऐकत आले. एक गोष्ट तरी माझी असावी असं वाटलं. आता ते कौतुक उसनं वाटतं.

रागावलीस तरी लिहीत जा.
धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

अंगाचा तिळपापड झाला. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. त्यात लिहिलेलं इतकं वाईट होतं की ते वाचून माझीच मला भीती वाटली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी इस्पितळातली नोकरी सोडली. मला कुणी भाग पाडलं नव्हतं. तरी तुझी खुर्ची खरं तर माझी, असं आजवर मनात घोळवत आले. त्या खुर्चीवर तू चुकावीस म्हणून मी भिंग घेतलं, आणि चूक सापडली तेव्हा मला आनंद झाला. मुलांच्या वॉर्डाचं वाचलं आणि त्या आनंदाची लाज वाटली.

खोकी पुसताना औषधाची तारीख पुसली जात नाही ना, हे पाहा. शाई ओल्या फडक्याने उतरते. सल्ला दिल्यावाचून राहवत नाही, काय करू?

सांभाळून राहा. मनात किल्मिष ठेवू नकोस.
ताई


ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अकरा खोक्यांवरची तारीख उतरली होती. बाजूला काढली.

काल मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं: ट्रेची चूक तू पकडलीस, शाईचीही तूच. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘मग त्या इथे का नाहीत?’’

माझी दोन माणसं तापाने घरी आहेत. दुपारच्या पाळीला फार्मासिस्ट हवा आहे. कागदोपत्री माझ्या हाताखाली. तू आलीस तर आठवड्यात सगळे तुलाच विचारायला लागतील, हे मला ठाऊक आहे आणि त्याची मला आत्ताच पोटदुखी आहे. तरी ये. मला एकटीला झेपत नाही.

वाट पाहणारी,
धाकटी


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

गुरुवारी येते. बाबांकडे आत्या राहील. दुकानाच्या मालकांना सांगितलं, त्यांनी किल्ल्या परत घेतल्या.

धाकट्या बहिणीच्या हाताखाली उभं राहायचं, या विचाराने दोन दिवस नीट जेवले नाही. हे तुला लिहू नये असं वाटत होतं, पण तूही तुझं लिहिलंस. तुझं कौतुक होईल तेव्हा मी पुन्हा जळेन. माझं झालं तर तू जळशील. औषधं मात्र दोघी मिळून मोजू.

भांडारात चार माणसांदेखत मी तुला मॅडम म्हणेन. पहिल्या दिवशी आवाज बारीक निघेल. ऐकू आलं नाही तरी आलं असं समज. दुसऱ्यांदा म्हणायला लावू नकोस.

तुझीच,
ताई