बाईंच्या चाहत्यांची मेलिंग लिस्ट

बाबा,

तुमची मेलिंग लिस्ट मी मारली. ती आपोआप बंद पडली असं मी सगळ्यांना सांगते, आणि तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाल्यावर कोणी फारसं विचारतही नाही. पण तुम्हाला तपासल्याशिवाय काही पटायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

खडकीच्या क्वार्टरमधले ते रविवार आठवा. दारूगोळ्याच्या कारखान्यात आठवडाभर मालातली खोट काढून तुमचं समाधान व्हायचं नाही, मग रविवारी सकाळी माणसांतली काढायची. माझ्या सॉफ्टवेअर कंपनीनं काढून टाकलेला कॉम्प्युटर मी घरी आणला होता. मोडेम किरकिरायचा, घरचा फोन तासभर अडकायचा. बाईंनी गाणं सोडून जमाना झाला होता, तरी त्यांच्या जुन्या रेकॉर्डवर जीव टाकणारे साठ-सत्तर लोक तुम्ही जमवले होते, काही पुण्यातले, काही पुण्यातून अमेरिकेत गेलेले. कोणीही ई-मेलनं पाठवलेलं पत्र आधी तुमच्याकडे येणार, तुम्ही पास केलंत तरच बाकीच्यांना दिसणार. तुम्हाला टायपिंग येत नव्हतं. मी पत्र मोठ्यानं वाचायचे, तुम्ही शेंगा सोलत ऐकायचात आणि नापास पत्राला उत्तर सांगायचात. एका डॉक्टरांनी राग चुकीचा लिहिला. तुम्ही म्हणालात, "लिही, आपण रोग्यांना तरी नीट तपासता ना?" मी हसत हसत टाइप केलं. तेव्हा मला तुमचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकते.

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी लिस्टला एक पत्र पाठवलं, खोट्या नावानं. बाईंच्या एका रेकॉर्डमध्ये शेवटच्या ओळीआधी त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि तो आला की माझी आई पोळी लाटायची थांबायची, एवढंच त्यात होतं. तुमच्याकडून एकदा पास व्हायचं होतं मला. रविवारी मी ते तुम्हाला वाचून दाखवते आहे. आवाज अगदी कोरा ठेवला आहे. तुम्ही एक शेंग फोडता, दाणे तोंडात टाकता, चावून संपवता. मग म्हणता, "लिही. स्वयंपाकघरातल्या आठवणींसाठी महिला मंडळं आहेत. इथं गाणं ऐकणारी माणसं असतात. आपण पुन्हा तसदी घेऊ नये." मी टाइप करते. मधे अडखळते, आणि "माणसं असतात, पुढे काय?" असं विचारते. तुम्ही सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगता.

ते पत्र माझं आहे हे तुम्हाला कळलं नाही, या एका गोष्टीवर मी पुढची वर्षं काढली. तुमचं आजारपण काढलं. तुमच्यामागे लिस्ट चालवली. दर रविवारी बसून लॉटऱ्या, ताकदीच्या गोळ्या, परदेशी विधवांची बेवारस संपत्ती असला सगळा कचरा उपसायचा आणि त्यातून बाईंबद्दलची दोन-चार पत्रं पुढे पाठवायची, हे मी निमूटपणे केलं.

मग एकदा मंडईत तबलेवाले काका भेटले. कसबा पेठेत तबल्यांना कातड्याची पुडी चढवायचं त्यांचं दुकान, आणि लिस्टवरचे ते सगळ्यात जुने. "अहो, तुमच्या वडिलांसारखा कडक माणूस होणे नाही," ते मेथीची जुडी निवडत म्हणाले. "ते तुमचं पोळीचं पत्र! दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन सांगितलं मला. म्हणाले, पोरीनं नाव बदललं, पण लाटणं आमच्याच घरातलं. आणि उत्तर तिच्याकडूनच टाइप करून घेतलं! काय हसलो होतो आम्ही." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना वाटलं, मीही हसेन. मी हसलेसुद्धा.

घरी आल्यावर मी पत्रं तपासायची अट काढून टाकली. पडद्यावरची एक खूण पुसायची होती फक्त. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या लिस्टवरच्या सगळ्यांकडे गोळ्या आणि लॉटऱ्या जाऊ लागल्या. पत्रात रेकॉर्डचा उल्लेख हवाच, ही शिस्त तुम्ही त्यांच्यात अशी मुरवली होती की त्या बिचाऱ्यांनी कचऱ्यालाही उत्तरं दिली. एका निवृत्त हेडक्लार्कनी लिहिलं, "महोदय, आपण औषध सुचवलेत, परंतु कोणती ध्वनिमुद्रिका ऐकलीत ते कळवले नाहीत." मी पोट धरून हसले. मग फोन येऊ लागले, "अहो, काहीतरी करा." आता माझ्या हातात काही नाही, असं मी प्रत्येकाला गोड आवाजात सांगितलं. वर्षभरात एकेक जण निघून गेला.

काका तेवढे राहिले. दर रविवारी सायबर कॅफेत जाऊन एका बोटानं ते चार ओळी लिहायचे, आज बाईंची कोणती रेकॉर्ड लावली, गाण्यातली कुठली जागा नव्यानं कळली. शेवटी, "कोणी आहे का?" त्या उकिरड्यात त्यांचं पत्र मी शोधून वाचायचे. पूर्ण वाचायचे. उत्तर कधी दिलं नाही.

परवाच्या रविवारी त्यांनी लिहिलं, "डोळ्यांनी दगा दिला आहे. हे पत्र कॅफेतल्या मुलीकडून लिहून घेत आहे, पुन्हा जमणार नाही. कोणी वाचत असल्यास 'पोचलं' एवढेच कळवावे. ती वाचून दाखवेल. मी थांबलो आहे."

मी 'पोचलं' असं टाइप केलं. थोडा वेळ ते नुसतं पाहिलं, आणि पुसलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे, तुम्ही यातही काहीतरी काढलं असतंत. हा स्वभाव तुमच्याकडून आला असं म्हणायची सोय आहे मला. लेक बापावर गेली म्हटलं की लोकांनाही पटतं. पण मी कॉम्प्युटर बंद केला तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यात नव्हतात, बाबा. काका तिथं कॅफेत खुर्चीवर बसून वाट पाहत असतील एवढंच होतं, आणि मला बरं वाटलं.