मोहाच्या पानांवरचा फुफाटा

२ डिसेंबर
जंगलाच्या उत्तरेच्या हद्दीवर गार्डची फिरती. खडी क्रशर सुरू होऊन वर्ष झालं. धूळ रोज दिसत होती, आज आत शिरून नीट बघितलं. हद्दीच्या दगडापासून दोनशे पावलं आतपर्यंत साग, मोह, चारोळी, सगळं पीठ उडाल्यागत पांढरं. सागाच्या पानावर बोटानं नाव लिहिलं. शैला. स्वच्छ उमटलं.
ओढ्यापलीकडं झाडांच्या सालीवर दगडफूल आहे, तळहाताएवढं. क्रशरकडच्या एकाही झाडावर न्हाई. मागल्या दिवाळीआधी होतं. खरवडून नेणाऱ्या दोघांना मीच हाकललं होतं. आता खरवडायला कुणी यायची गरज न्हाई.

४ डिसेंबर
जंगलखात्याच्या रेंजसाहेबांना फोन. म्हणाले, "शैलाबाई, धूळ काय, पाऊस आला की धुवून जाते."
"पाऊस सहा महिन्यांनी येणार साहेब. तोवर झाडानं श्वास कशानं घ्यायचा?"
मग म्हणाले, "लेखी द्या."
दिलं. दोन पानं. पोच घेतली.

७ डिसेंबर
लेखी दिल्यावर काय होतं ते आठ वर्षांच्या नोकरीत कळलंय. म्हणून दुसरं सुरू केलं. क्रशरजवळचे दहा मोह, ओढ्यापलीकडचे दहा. सगळ्यांवर चुन्यानं नंबर. पानावर चिकटपट्टी दाबायची, उचलायची, वहीत चिकटवायची. खाली नंबर, तारीख. पलीकडच्या पट्ट्या काचेसारख्या. इकडच्या सिमेंटच्या.
पारूआजी भेटल्या. खालच्या पाड्यावर राहतात, लग्न होऊन आल्यापासून याच मोहांची फुलं वेचतात. "काय करून राहिली बाई?"
"पुरावा गोळा करून राहिले."
"माझ्या डोळ्यांचा चालत न्हाई का?"
"चालतो की. अंगठा द्या."
शाईचं पॅड सोबतच होतं. प्रत्येक पट्टीखाली अंगठा दिला. वीस वेळा. कंटाळल्या न्हाईत. म्हणाल्या, दर आठवड्याला बोलव.

२१ डिसेंबर
पट्ट्यांचा तिसरा आठवडा. घसा बसलाय. मी तासभर थांबते तर ही गत, झाडाला जागचं हलता येत न्हाई.
निलंग्याहून अप्पांचा फोन. गुडघे फार दुखतात, दुकानात स्टुलावर चढून डबे काढणं होत न्हाई. "बदलीचं काय झालं गं?" तीन वर्षं अर्ज पडून आहे. लातूरकडं मिळाली तर रोज घरी जाता येईल. चौकशी करते म्हणाले. केली न्हाई.

९ जानेवारी
क्रशरचा मॅनेजर क्वार्टरवर आला. बोलायला गोड माणूस. "मॅडम, पाचशे रोपं देतो. तुमच्या हातानं लावा. फोटो पेपरात देऊ."
"उभी झाडं मारून रोपं लावायची का?"
"ती झाडं काय आम्ही लावली न्हाईत मॅडम."
"म्हणूनच तुम्हाला परत लावता येणार न्हाईत."
चहा अर्धा ठेवून गेला.   

२७ जानेवारी
पत्र आलं. उद्या संयुक्त पाहणी. तीन खात्यांचे लोक येणार. लई बरं वाटलं. संध्याकाळी पारूआजी धापा टाकत वर आल्या. "बाई, टँकर आलेत. दोन. नळीनं झाडं धुऊन राहिलेत."
पळत गेले. खरंच. मोहांवर पाण्याचा मारा चालला होता, लग्नघरापुढं अंगण धुवावं तसा. मॅनेजर हसून म्हणाला, "तुमचीच तक्रार होती ना मॅडम?"
 सरकारी हद्दीत विनापरवाना वाहन म्हणून टँकरचे नंबर तेवढे लिहून घेतले.

२८ जानेवारी
सगळं लिहून ठेवते, विसरायला नको.
अकरा वाजता तीन जीपा. क्रशर बंद. झाडं हिरवीगार. एक साहेब म्हणाले, "इथं तर चांगलंच दिसतंय." मॅनेजर मोहाखाली टेबल मांडून नारळपाणी वाटत होता. रेंजसाहेब माझ्याकडं बघेनात.
वही दाखवली. त्याच साहेबांनी चाळली. "पट्ट्या कुठल्या झाडाच्या कशावरून?"
"अंगठे आहेत साहेब."
"अंगठा कुणाचाही असतो."
पारूआजी बाजूलाच उभ्या होत्या. पदर खोचून म्हणाल्या, "माझा हाय. लावून बघा." कुणी लावला न्हाई.
जीपांकडं निघाले सगळे. तेव्हा वर बघितलं. नळीचं पाणी पोचतं तिथपर्यंत हिरवं, त्याच्या वर पांढरं. बूट काढले. चार नंबरच्या मोहावर चढले. युनिफॉर्मवर. निलंग्याच्या मळ्यात चिंचेवर चढायचे त्यालाही वीस वर्षं झाली असतील. पँट गुडघ्यावर फाटली, खाली सगळे थांबून बघायला लागले. शेंड्याकडची बारकी डहाळी तोडली आणि वरूनच सांगितलं, "साहेब, बाजूला व्हा, खाली टाकते."
नारळपाण्याच्या टेबलावर पडली. फुफाटा उडाला, साहेबांच्या चष्म्यावर बसला.  मग त्यांनी चष्मा पुसला, पांढरा रुमाल बघितला आणि पंचनामा करणाऱ्याला म्हणाले, "हे लिहा."
उतरताना पारूआजींनी धरलं.

१९ फेब्रुवारी
आदेश आला. क्रशरच्या खडी वाहणाऱ्या पट्ट्यांना पत्र्याचं आच्छादन, चारी बाजूंनी पाण्याचे फवारे, तोवर मशीन बंद. मुदत चाळीस दिवस. बंदचं वाक्य तीनदा वाचलं.
दुपारी हद्दीवर गेले. मशीन बंद. शांतता. इतकी की सागाचं वाळकं पान गळून पडल्याचा आवाज आला.

५ मार्च
रेंजसाहेबांनी बोलावलं. समोर कागद. लातूरकडं बदली, विनंतीवरून. तीन वर्षांचा अर्ज अचानक वर आला.
"घ्या. वडिलांची सोय होईल."
"माझ्या जागी कोण येणार?"
"सध्या कुणी न्हाई. शेजारच्या गार्डकडं जादा भार."
शेजारच्या गार्डकडं आधीच दोन बीटं, दोन जंगलांची राखण आहे. तो इकडं महिन्यातून एकदा आला तरी खूप.
साहेब वाईट न्हाईत. बहुतेक खरंच माझ्यासाठी म्हणत होते. मी गेले की कोण खूश होणार ते त्यांनाही माहीत, मलाही.
आठ दिवस मागितले.

१२ मार्च
झोप न्हाई नीट. अप्पांचे गुडघे एकीकडं. आज विनंती मागे घेतल्याचा अर्ज दिला. कारणाच्या ओळीत: सुरू असलेल्या प्रकरणात साक्षीदार आहे. साहेबांनी वाचला, फाईलखाली सरकवला. "अजून विचार करा."
"केलाय साहेब."
मंजुरीची सही केली न्हाई.

२४ मार्च
मोहफुलं सुरू. पहाटे पारूआजींबरोबर गेले. ओढ्यापलीकडं झाडाखाली पाय ठेवायला जागा न्हाई, टोपलीवर टोपली. क्रशरकडच्या दहांपैकी तिघांना फूलच न्हाई. बाकीच्यांचं मिळून एक टोपली, तीही काठापर्यंत न्हाई. आजींनी एक फूल तोंडात टाकलं, थुंकलं. "कचकच लागतंय."
सात नंबरच्या मोहाला पाठ टेकून बसल्या. "माझ्या सासूच्या येळंला हे एकटं झाड चार टोपल्या द्यायचं." रडल्या न्हाईत. उठून फुलं तीनदा धुतली, वाळत घातली.

२६ मार्च
अप्पांना बदलीची विनंती मागे घेतल्याचं सांगितलं.  फोनमागं दुकानातला पंखा घरघरत होता.
"झाडांसाठी थांबून राहिलीस?"
"हाव अप्पा."
"जेवलीस का?"
"जेवले."
"बरं." मग गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवला. गिऱ्हाईक आलं नसावं.

३१ मार्च
मुदत संपली. पत्रे आलेत, रचून ठेवलेत, बसवले न्हाईत. फवाऱ्याची पाईप टाकलीय, तिला पाणी न्हाई. सकाळी सातला मशीनचा आवाज. चहा तसाच टाकून गेले.
पहिला डंपर दगड ओतायला मागे येत होता. हद्दीच्या दगडावर जाऊन उभी राहिले. वेळ लिहिली, पाईपचा फोटो काढला, रेंजसाहेबांना पाठवला. त्यांनी बघितला.  पाड्यावरनं पारूआजी आल्या, सोबत चार बायका, रिकाम्या टोपल्या घेऊन. माझ्याशेजारी बसल्या.
मॅनेजर आला. आवाजाच्या वर ओरडून म्हणाला, "किती दिवस उभं राहणार मॅडम?"
"ड्युटी हाय माझी इथं."
तो बायकांकडं बघत राहिला, मग खिशातून फोन काढला. साडेआठला मशीन थांबलं. डिझेल संपलं की कुणी थांबवलं, कळलं न्हाई. आम्ही हललो न्हाई.