चार पॉइंट आठची शाळा

१२ जानेवारी

परत तेच. म्हणे शाळा घरामागेच आहे, पोरगी तोंड धुऊन निघाली तरी घंटेच्या आत वर्गात. अरे, पण जवळ आहे म्हणून शाळेत घालायचं का? जवळ तर गटारही आहे. एवढं बोललो तर बायकोने फोन ठेवला. परत केला तर म्हणाली, गिऱ्हाईक आलंय. ती औषधाच्या दुकानात काउंटरला असते. भांडणात हरायला लागली की तिच्याकडे गिऱ्हाईक येतं.

मुद्दा साधा आहे. भिंगरी जूनमध्ये पहिलीत जाणार. काचेच्या बिल्डिंगची प्रायव्हेट शाळा, रेटिंग ४.८. घरामागची सरकारी, ३.४. आकडे मी बनवलेले नाहीत. मोबाइलवर कोणालाही दिसतात. बायको दहावी पास आहे, वजाबाकी येते तिला.

आणि सरकारी शाळा माणसाचं काय करते याचा जिवंत पुरावा मी. त्याच शाळेत सातवीपर्यंत होतो. आज कुठे आहे? हे विचारलं तर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शाळा होती तिथेच होती, तुम्ही कधी होतात तिथे?

संकल्प : तीस एप्रिलला इथला करार संपतो, मग घरी. तोवर बायकोला शांतपणे पटवणे. आवाज न चढवता.

१४ जानेवारी. सकाळी ५.५०

आवाज चढला. चूक तिची.

१५ जानेवारी

विमानतळावर तीन वर्षं झाली. गेट बावीसच्या बाजूची पुरुषांची वॉशरूम माझ्याकडे. गळ्यातल्या कार्डाने अकरा दारं उघडतात. सगळी आतली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, सुरक्षित.

वॉशरूमच्या तोंडाशी एक मशीन आहे. त्यावर तीन तोंडं. हिरवं हसतं, पिवळं गप्प, लाल रडकं. प्रवाशाने जाता जाता दाबायचं. संध्याकाळी टक्के मुकादमाच्या मोबाइलवर. नव्वदच्या खाली गेलं की बोनस कापतात. आता, ज्याचं पोट साफ झालं तो काही थांबून मत देत नाही. दाबतो कोण, तर ज्याचं विमान लेट तो. लाल. जसं काही विमान मीच अडवून धरलंय. म्हणून येता-जाता हिरवं मी दाबतो. कोपराने, कारण वर कॅमेरा आहे. दिवसाला चाळीसेक वेळा.

काल ९६ टक्के. मुकादम म्हणाला, सगळ्या टर्मिनलमध्ये तुझी पहिली. बरं वाटलं. कष्टाची कदर कुठेतरी होतेच.

काचेच्या शाळेला पाचशे बारा लोकांनी मत दिलंय. पाचशे बारा माणसं खोटं बोलतील?

१९ जानेवारी

खोलीत आम्ही सहा जण, तीन दुमजली कॉट. माझ्या डोक्यावर मास्तर झोपतो. मास्तर म्हणजे खरोखरचा मास्तर. नऊ वर्षं प्रायव्हेट शाळेत शिकवत होता, आता इथे सामानाच्या ट्रॉल्या गोळा करतो. पगार दुप्पट झाला म्हणतो आणि ट्रॉल्या उलट उत्तर देत नाहीत.

त्याला ४.८ दाखवलं. तो हसला तो कॉट हलेपर्यंत. म्हणाला, आमच्याकडे रेटिंग उतरलं की हेडसर स्टाफरूममध्ये यायचे आणि म्हणायचे, चला, काढा मोबाइल. मग मास्तर, शिपाई, बसचा ड्रायव्हर, सगळे पाच-पाच तारे. याने स्वतःच्या, बायकोच्या आणि सासऱ्याच्या नावाने दिले. सासरे तेव्हा वारलेले होते.

जळतो. नोकरी टिकली नाही की माणूस असं बोलतो. आणि खरं असेल तर, असली माणसं रात्री झोपतात कशी?

आज कोपर दुखतोय.

२५ जानेवारी

भिंगरीशी बोललो. तिचं एकच. बाबा, पहिल्या दिवशी मला सोडायला तू येणार ना? म्हटलं, येणार. म्हणाली, हात धरून? म्हटलं, हात धरून. म्हणाली, मग शाळा कुठलीपण चालेल.

हे आईने पढवलेलं आहे.

२ फेब्रुवारी

शांतपणे पटवणं बंद. आता पुरावा.

सरकारी शाळेला फक्त पाच लोकांनी मत दिलंय. लोक घाबरत असणार. कोणीतरी तोंड उघडायला हवं. ‘एक जागरूक पालक’ या नावाने एक तारा दिला आणि लिहिलं : छप्पर गळकं. गुरुजी पेंगतात. खिडक्यांना लोखंडी गज, मुलांचा जीव गुदमरतो. खोटं एकही नाही. माझ्या वेळी होतं.

५ फेब्रुवारी

हादरलो! सहज बघितलं तर सरकारी शाळा ३.४ वरून ३.०. तीन दिवसांत! एवढ्या झपाट्याने शाळा घसरते म्हणजे आत काहीतरी गंभीर चालू आहे. ताबडतोब स्क्रीनशॉट बायकोला.

तिचं उत्तर : छप्पर गळायला आधी पाऊस लागतो.

११ फेब्रुवारी

काचेच्या शाळेचा फॉर्म भरला. फॉर्मला वेगळे पैसे. फी वर्षाची ब्याऐंशी हजार. सीट धरून ठेवायची तर आत्ताच पंचावन्न हजार. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात लिहिलं : विमानतळ, रेटिंग विभाग. मास्तरने वाचलं आणि तोंडावर पांघरूण घेतलं.

प्रश्न पंचावन्न हजारांचा. जवळ आहेत अकरा.

१३ फेब्रुवारी

मार्ग निघाला. माणसाची नियत साफ असली की निघतो. मुकादम म्हणाला, करार दोन वर्षांनी वाढव, सहीच्या दिवशी साठ हजार हातात. फक्त सहीपासून सहा महिने रजा नाही, आणि मध्येच सोडलं तर साठ हजार परत, वर तिकीट आपल्या खिशातून.

मास्तर म्हणाला, पोरीला शब्द दिलास त्याचं काय? म्हटलं, शब्द शाळेसाठीच होता ना. शाळाच नसेल तर सोडणार कुठे?

बिनतोड. त्याने कूस बदलली.

१८ फेब्रुवारी

सही केली. पेन मुकादमाचं. सही झाल्यावर त्याने ते लगेच परत मागितलं.

बायकोला सांगितलं. मी तयारीत होतो, ओरडली तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ओरडली नाही. पुटपुटत वर्षं मोजली. मग म्हणाली, दोन वर्षांनी ती तिसरीत असेल. गिऱ्हाईक आलं असं म्हणाली नाही, फोन तसाच ठेवला.

पटतंय तिला हळूहळू.

पंचावन्न हजार शाळेला पोचले. पावती आली. गुळगुळीत कागद, मोबाइलवरसुद्धा कळतं.

३ मार्च

माझ्या एक ताऱ्याखाली शाळेने उत्तर दिलंय. म्हणजे बाईंनी. सातवीला वर्गावर होत्या त्या आता मुख्याध्यापिका. लिहिलंय :

बाळा, गज तुझ्यासाठीच बसवले होते. बाकी कोणाला त्यांची अडचण कधी झालेली नाही. छप्पर मागच्या वर्षी नवीन घातलं, तेव्हा वर तुझ्या दोन चपला सापडल्या. दोन्ही डाव्या पायाच्या. घरी कधी येतोस? पोरीला घेऊन ये.

सगळ्या जगासमोर! बायकोने हे मला पाठवलं, पुढे एक शब्द नाही. मी कळवलं की जागरूक पालक कोणी दुसराच आहे, चपला त्याच्या.

मास्तरला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, नऊ वर्षांत किती पोरं गेली माझ्या हाताखालून, एकाचीही चप्पल मला आठवत नाही.

एका ताऱ्याचे दोन केले. न्याय म्हणजे न्याय.

१५ मार्च

काचेच्या शाळेत आई-वडिलांचीही मुलाखत होते. एप्रिलच्या चार तारखेला. मी व्हिडिओवरून देणार.

संकल्प : १) रोज दहा इंग्रजी शब्द. २) मास्तरसमोर सराव. ३) चहा बंद, त्या वेळात वाचन.

१६ मार्च

शब्द सहा झाले. चहा घेतला. चहाशिवाय शब्द बसत नाहीत.

२१ मार्च

मास्तरने मुलाखत घेतली. तुमच्या पाल्याकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत, असं इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं : काळजी घ्या, फरशी ओली आहे. इंग्रजीत. उच्चार पक्का होता, मास्तरनेही मान्य केलं.

२८ मार्च

शाळेचा मेल. मुलाखतीला आई आणि वडील दोघांनीही समक्ष हजर राहावे. व्हिडिओ चालणार नाही. पालकांचा सहभाग आमच्या शाळेचा पाया आहे, वगैरे.

मास्तर म्हणाला, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

मुकादमाकडे गेलो. दोन दिवसांची रजा मागितली. त्याने माझ्याच सहीचा कागद माझ्यासमोर धरला. सहा महिने. म्हटलं, शाळेचा प्रश्न आहे. म्हणाला, मग साठ हजार ठेव, पासपोर्ट घे, खुशाल जा. साठातले पंचावन्न शाळेत. शाळा म्हणते बाप आणा. बाप आणायचा तर शाळेतले पैसे आणा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

थोडा वेळ साफसफाईच्या खोलीत बसलो. चार फूट बाय सहा फूट, बादली धरून. माझं कार्ड ते दार आतून उघडतं. तरी बसलो.

३० मार्च

युक्ती सुचली. मेव्हण्याने बाप म्हणून बसायचं. उंची माझीच, केस जास्त आहेत पण शाळा केस मोजत नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नवरा बदलायचाच तर एका मुलाखतीपुरता कशाला बदलू? आणि भावालाच?

विनोद करण्याची ही वेळ नाही हे तिला कळत नाही.

४ एप्रिल

बायको एकटी गेली भिंगरीला घेऊन. सकाळपासून मशीनजवळून हललो नाही, तिथेच रेंज येते. दुपारी फोन आला.

भिंगरीने रंग ओळखले, शंभरापर्यंत म्हणून दाखवलं, एक गाणं न विचारता म्हटलं. मग मॅडमने विचारलं, बाबा काय करतात? मी तिच्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं. पण ती म्हणाली, बाबा दिवसभर हिरवं तोंड दाबतात, म्हणजे सगळ्यांना वाटतं तिथे स्वच्छ आहे.

बायको म्हणे, मॅडम दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग एकीला खोकला आला.

पोरीला हे मीच सांगितलं होतं कधीतरी, हसवायला.

९ एप्रिल

सीट नाही. कारण : पालकांचा अपुरा सहभाग. पंचावन्न हजारांचं विचारलं. परत मिळत नाहीत, पावतीच्या मागे लिहिलंय. पावतीला मागची बाजू आहे हे मोबाइलवर कसं दिसणार?

१० एप्रिल

नीट विचार करून ती शाळा मी नाकारली आहे. एवढ्या काचा. मुलांना ऊन लागेल.

शाळेला एक तारा दिला, सविस्तर लिहिलं. चहा पिऊन येईपर्यंत गायब. रेटिंग ४.८ चं ४.९ झालेलं.

मास्तर म्हणाला, चला, काढा मोबाइल. 

३० एप्रिल

करार आज संपला. उद्यापासून नवा सुरू.

नेमकं आपल्याकडचं विमान आज गेट बावीसला लागलं. एरवी ते सातला असतं. वॉशरूममध्ये रांग, सगळे आपल्याच भाषेत बोलणारे. एक जण हात वाळवता वाळवता म्हणाला, तुम्ही पण इकडचेच का, कधी येणार घरी? म्हटलं, लवकरच. फरशी पुसत राहिलो. दोनदा पुसलेली तिसऱ्यांदा.

काचेतून बघितलं. विमान आधी मागे जातं, मग वळतं. तीन वर्षांत हे कधी पाहिलं नव्हतं.

हिरवं दाबायचं राहून गेलं. आज ७१ टक्के.

१४ जून

उद्या भिंगरीचा पहिला दिवस. सरकारी शाळेत. तात्पुरतं. फक्त पहिलीपुरतं. दुसरीला दुसरी एक शाळा बघून ठेवली आहे, रेटिंग ४.७, स्विमिंग पूलसकट.

फोन केला. म्हटलं, पैसे किती पाठवू? बायको म्हणाली, फी नाही. म्हटलं, पुस्तकं? शाळेने दिली. गणवेश? तोही दिला. बस? घरामागे बस कशाला? म्हटलं, आठव नीट, काहीतरी असेल. म्हणाली, अहो, खरंच काही नको.

एवढी वर्षं फोन केला की काहीतरी हवं असायचं. ‘काही नको’ यावर काय बोलतात ते मला माहीत नाही. फोन ठेवला नाही, तीही ठेवेना. मागे भिंगरी दप्तर पाठीवर घेऊन घरभर फिरत होती, तिची पावलं ऐकू येत होती.

१५ जून. दुपारी १२.१०

बायकोने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

भिंगरी रडली नाही. दारात बाईंनी प्रत्येक पोराचा आई-वडिलांसोबत फोटो काढून घेतला. हिची पाळी आली तेव्हा हिने उजवा हात आईच्या हातात दिला आणि डावा बाजूला तसाच लांब धरून उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, हात खाली घे बाळा. म्हणाली, खाली नाही घेणार, तो बाबाचा आहे. बाई म्हणाल्या, असू दे, तसाच काढ. आणि फोटोत तेवढी जागा सोडायला लावली.

ऊन लागेल, पूल, ४.७, हे सगळं मी बोलायला घेतलं होतं. बोललो नाही.

मग बायको म्हणाली, एक खर्च आहे. त्या फोटोची प्रत, पन्नास रुपये. म्हटलं, दोन काढ, एक इकडे पाठव.

पाठवतोय : शंभर रुपये.