नऊ ओळी, अकरा चुका

प्रिय धाकट्या,

पत्राची सुरुवात तब्येतीच्या चौकशीने करायची असते, पण माझं डोकं भणभणतंय, म्हणून आधी सिनेमाचंच सांगते. वर्णद्वेष आणि माथेफिरू टोळ्यांवरचा तो सिनेमा, ज्याच्याबद्दल पेपरात रोज 'अंगावर काटा आणणारा' असं छापून येत होतं, तो आम्ही शनिवारी दुपारी पाहिला. काटा कसला नि काय! तुझे भावोजी पहिल्या खुनाआधीच घोरायला लागले. दुसऱ्या खुनाला डोळे उघडून त्यांनी 'संपला का?' विचारलं आणि तिसऱ्याला माझ्या खांद्यावर मान टाकली.

पण माझी खरी पंचाईत उजवीकडे होती. दिवे मालवल्यावर कुणीतरी 'जरा पाय घ्या' म्हणत शेजारी येऊन बसलं. पडद्यावर उजेड झाल्यावर बघते तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले घड्याळवाले काका! तीस वर्षांपूर्वी लांबच्या मुलखातून आलेले, रंगाने आपल्याहून गडद, आणि तुम्ही फोडलेल्या काचेची खूण अजून भुवईवर वागवणारे. त्या प्रकाराला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानावरून जाताना समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचत जाते. आणि आता अडीच तास कोपराला कोपर! मी इतकी अंग चोरून बसले की आणखी थोडी सरकले असते तर भावोजींच्या मांडीवर गेले असते.

सिनेमा कसला रे तो! त्यातली टोळी म्हणजे सहा-सहा फुटी राजबिंडे गडी, एकसारखे चामडी कोट, बंद कारखान्यात निळ्या उजेडातला अड्डा. म्होरक्याने तोंड उघडलं की मागे ढोल वाजतात. मला तुमची टोळी आठवली. अड्डा म्हणजे आपली गच्ची, डोक्यावर बाबांचे पायजमे वाळत घातलेले, आणि म्होरक्या कोण, तर नळदुरुस्तीवाल्याचा पोरगा, आपला 'सेनापती'. वंशाच्या शुद्धीवरचं भाषण रंगात आलं की खालून त्याची आई ओरडायची, 'अरे, पोटाचं औषध राहिलं!' आणि सेनापती निमूट जिना उतरायचे.

मध्यंतरात काका आपणहून बोलले. 'बाई, ही माणसं कामाला कधी जातात?' मला हसूच फुटलं. मग म्हणाले, 'तास झाला, आमच्यासारखा एकही माणूस पुरतं वाक्य बोललेला नाही. नुसते ओझी वाहतात आणि आभाळाकडे बघतात.' मध्यंतरानंतर एक जण बोलला, पण तोही मरताना, आणि तेही 'मी तुला क्षमा केली' एवढंच. शेवटी तर कहर झाला. एका सावळ्या मुलीने म्होरक्याच्या हातात फूल दिलं आणि त्याचा जन्माचा द्वेष सर्दीसारखा उतरला. सगळं थिएटर मुसमुसत होतं. आमच्या रांगेत मात्र एक जण घोरत होता आणि दोघं तोंडावर रुमाल धरून खिदळत होती.

तेवढ्यात म्होरक्याची बहीण आली. सगळ्या सिनेमात पांढरे कपडे, वाऱ्यावर केस. भावाला जवळ घेऊन म्हणते, 'मी तुला पहिल्या दिवशीच दारात अडवलं होतं. या घरात द्वेषाला जागा नव्हती.' माझं हसू तिथेच थांबलं. कारण धाकट्या, आपल्या घरात होती रे जागा. गच्चीत चहा मीच आणून देत होते. आणि बाहेरून आलेल्यांविरुद्धचं तुमचं ते पत्रक? नऊ ओळींत अकरा चुका. छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून हाताला खोड लागलेली, लगेच लाल पेन काढलं. मजकूर नीट वाचलाच नाही, असं म्हणायची सोय नाही. चांगला वाचला होता. 'कृपया निघून जावे' हे कसलं मिळमिळीत, त्यापेक्षा 'चालते व्हा' लिही, हे मीच सुचवलं. वर नाकाने कांदे सोलत म्हणाले, शब्द कसा नेमका हवा! आठ दिवसांनी तेच दोन शब्द काकांच्या शटरवर होते आणि काचा रस्त्यावर.

टोळीतला तू एकटाच सापडलास आणि आठ महिने आत काढलेस. सुटल्यावर परगावी गॅरेजात लागलास. आईने तुझं नाव टाकलं, तरी तू माझं नाव कुठे काढलं नाहीस. मी करून सवरून नामानिराळी. कुणी विचारलं की 'संगत वाईट, दुसरं काय' म्हणून उसासा टाकायचे.

थिएटरबाहेर भावोजी स्कूटर शोधत होते, तेवढ्यात मी काकांना एका दमात सगळं सांगून टाकलं. ते भुवई चोळत म्हणाले, 'तरीच! त्या पोरांना एवढं शुद्ध लिहिता कसं आलं, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं.' मी हसले. ते हसले नाहीत. 'सध्या दुकानाकडे येऊ नका,' म्हणाले, 'आधी मला नीट रागावू द्या. चार वर्षं सगळा राग त्या एकट्या पोरावर काढला मी.'

घरी येऊन आईला आणि भावोजींना सांगितलं. भावोजी त्या दिवशी पहिल्यांदाच पुरते जागे दिसले. आणि हे पत्र लिहायचं कारण असं, की आजवर दर पत्रात मी तुला 'झालं गेलं विसर, मी तुला माफ केलंय' असं लिहीत आले. मी कोण माफ करणारी? ती पत्रं फाडून टाक. रविवारी सकाळच्या गाडीने येते, तुझ्यासमोर बसून तुझी माफी मागायला. तू रागावलास तरी मी उठून जाणार नाही. आईपण येणार आहे. 'मी त्याच्याशी बोलणार नाही, नुसती येणार,' असं तिने मला तीनदा बजावलंय, आणि काल दुपारपासून पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

तुझीच,
ताई